वाफकाकांचा गायझर

कोणी सिंकमध्ये काही टाकलं की आमच्या शेजारचे वाफकाका अक्षरशः ओरडायचे. चहाचा चोथा असो, भाताचं शीत असो. "गळ्यात काही टाकायचं नाही!" इथे परदेशात, ट्रुगानिनातल्या आमच्या गल्लीत प्रत्येकाने हा ओरडा खाल्लेला. एरवी माणूस इतका मऊ की पोरंटोरंसुद्धा त्यांना इथल्यासारखं "मेट", म्हणजे दोस्त, म्हणत. पण गणपतीत कोणी निर्माल्य तळ्यात सोडायला निघालं की काका वाटेत आडवे! मी तर त्यांना तोंडावर खडूस म्हणायचे.

तरुणपणी ते न्यूझीलंडला, जमिनीखालच्या वाफेवर वीज करणाऱ्या प्लांटमध्ये इंजिनिअर होते, म्हणून वाफकाका. तिथे जवळच एक छोटा गायझर होता, जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा. त्याचा विषय निघाला की काकांना थांबवणं मुश्कील. "खाली पाणी शंभराच्या वर तापतं गं, पण वरच्या पाण्याचं ओझं त्याला उकळू देत नाही. मग वरचं थोडं सांडतं, ओझं हलकं होतं, आणि खालचं एका दमात वाफ होऊन उठतं! सगळी गंमत त्या अरुंद गळ्यात." दर चाळीस मिनिटांनी उडायचा म्हणे.

काकू राजापूरच्या. तिथली गंगा अशीच मनाला येईल तेव्हा प्रकटते आणि लोक तिची पूजा करतात. लेक गौरी सातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत होती, तेव्हा काकू एकट्या कुंपण ओलांडून गेल्या आणि त्या गायझरची ओटी भरून आल्या. खण, तांदूळ, नारळ, सगळं त्या गळ्यात. गौरी वाचली. "ती गंगा उडतेय तोवर माझ्या लेकीला काही होत नाही," हे काकू आजही ठामपणे सांगतात. दर रविवारी काका तिथल्या जुन्या मित्राला फोन करत आणि "आजही वेळेवर हं," अशी बातमी काकूंना देत.

मागच्या हिवाळ्यात मी काकांना स्कॅनला घेऊन गेले होते. परत येताना पार्किंगमध्येच ते म्हणाले, "मित्र वगैरे कोणी नाही गं. ओटी भरली त्या दिवसापासून तो गायझर उडालाच नाही."

"अहो, मग काकूंना सांगून टाका ना!"

"वेडी आहेस का? गौरीला साधी सर्दी झाली तरी ही भीतीने मरेल." मग सीटबेल्ट ओढत म्हणाले, "बहुधा पाण्यानेच खाली वाट बदलली असेल. मी असलं काही मानत नाही. पण गौरीला डार्विनला रोज फोन करतो. आणि झोपेत अजून त्या गायझरची गुरगुर ऐकू येते." मला भरून आलं, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

महिन्याभरात काका गेले. तेरावं झालं, गौरी डार्विनला हॉस्पिटलच्या शिफ्टला परतली. पहिल्याच रविवारी काकूंनी मला बोलावून काकांचा मोबाइल हातात दिला. "आता तूच विचार बाई. उडतेय ना?"

मी फोन कानाला लावला, उगाच दोनदा "येस, येस" म्हटलं.

"उडतेय, काकू. अगदी वेळेवर."

काकूंनी हात जोडले. "यांना फार काळजी असायची गं तिची."

मी कशीबशी बाहेर आले, गाडीत बसले आणि गौरीला फोन लावला. तिने उचलेपर्यंत मी एकेक रिंग मोजत होते.