पितृपक्षातला अर्ज

गेल्या वर्षी पितृपक्षाच्या चौथ्या दिवशी माझ्या मोठ्या दिरांचा फोन आला. मी कुकरखालचा गॅस बंद केला, वही ओढली आणि खुर्चीत बसले. या फोनची मी अकरा वर्षं वाट पाहत होते. कुठल्या कामासाठी येईल, एवढंच माहीत नव्हतं.

"अगं, जरा काम होतं तुझ्याकडे," भाऊजी म्हणाले. "आमच्या सूनबाईचं कार्ड संपतंय तिकडे. लग्नाचं सर्टिफिकेट मागतायत, शिक्क्याचं. तू करतेस ना ते सगळ्यांचं?"

करते. डोंबिवलीत आमच्या सोसायटीतल्या आणि आसपासच्या ज्यांची मुलं परदेशात आहेत, ते कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना यादी करून देते. कुठल्या खिडकीवर जायचं, झेरॉक्स किती काढायच्या, कुठली मूळ प्रत हातातून सोडायची नाही. हे मला कुणी बसवून शिकवलेलं नाही. भाऊजींमुळे शिकले, असं म्हणायला हरकत नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी, नवरा आणि मुलगी एका थंड देशात राहत होतो. नवऱ्याचा राहण्याचा परवाना त्याच्या नोकरीवर आणि आम्हा दोघींचा त्याच्या परवान्यावर. तात्पुरता परवाना म्हणजे एक छोटं कार्ड. त्यावर हसायला मनाई असलेला फोटो आणि एक तारीख. त्या तारखेच्या आत मुदत वाढवून घ्यायची, की नवं कार्ड, नवी तारीख. घर भाड्याने घेताना, मुलीला शाळेच्या सहलीला पाठवताना, साधी गादी घेतानासुद्धा आधी ती तारीख आठवायची. आम्ही गादी स्वस्तातली घेतली आणि चार वर्षं कंबर धरून उठलो. अशी सलग पाच वर्षं काढली की कायमच्या परवान्यासाठी अर्ज करता येत असे. पण सलग. मध्ये खंड पडला की मोजणी पुन्हा एकपासून.

माझी चार वर्षं सात महिने झाले होते. भाषेची परीक्षा मी पहिल्या खेपेला पास झाले होते. एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात कामाला लागले होते आणि तिथल्या मुख्य बाईंनी आठवड्याच्या सामानाची यादी माझ्याकडे सोपवली होती. मुलगी नववीत होती. तिथे तिला पहिली मैत्रीण मिळायला दोन वर्षं लागली होती.

तेवढ्यात मुदतवाढीच्या वेळी तिथल्या कचेरीतून पत्र आलं. लग्नाच्या दाखल्याची नवी प्रत हवी आणि तिच्यावर अपोस्टिल हवं. अपोस्टिल म्हणजे हा कागद खरा आहे असं आपल्या परराष्ट्र खात्याने त्याच कागदावर लावून दिलेलं प्रमाणपत्र. हातात सहा आठवडे होते. लग्न ठाण्यात झालेलं, मूळ दाखला टेंभी नाक्याजवळच्या दिरांच्या कपाटात. माझे आईवडील तेव्हा नव्हते. मी ठाण्यातला एक एजंट शोधून काढला, तर भाऊजी फोनवर तापले.

"घरात माणूस असताना लग्नाचा कागद परक्याच्या हातात द्यायचा? मी आहे ना!"

ते होते. पुढचं सगळं माझ्या वहीत आहे, कारण मी दर दोन दिवसांनी फोन करत होते आणि मिळालेलं उत्तर लिहून ठेवत होते. पहिलं उत्तर: "घरात गणपती आहेत, विसर्जन होऊ दे." विसर्जन झालं. मग: "अगं, आता पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात नवं काम हातात घेतात का कुणी? त्यातून लग्नाचा कागद!" मी म्हटलं, भाऊजी, लग्न होऊन सोळा वर्षं झाली, नवं काय त्यात? ते म्हणाले, "तिकडे राहून तुला सगळंच सोपं वाटायला लागलंय." मग नवरात्र आलं. टेंभी नाक्याचं नवरात्र म्हणजे मांडवातल्या कामातून त्यांना घरी जेवायलाही वेळ नसायचा. "दसरा साडेतीन मुहूर्तांतला. त्या दिवशी सकाळीच जाऊन अर्ज देतो, बघ कसं पटापट होतं."

दसऱ्याला सकाळी अंघोळ करून, कागदांना हळदकुंकू लावून भाऊजी पालिकेत गेले. पालिका बंद होती. दसऱ्याची सुट्टी असते, हे ठाण्यात जन्म काढलेल्या माणसाच्या लक्षात आलं नाही.

चार दिवसांनी आमच्या दोघींच्या कार्डाची तारीख उलटली. तिथल्या कचेरीतल्या बाईंनी माझी फाईल चाळली. बाकीचे अकराच्या अकरा कागद क्रमाने लावलेले होते. त्या म्हणाल्या, फाईल फार छान आहे, पण एक कागद नाही. आम्ही दोघी परत आलो. इथून पुन्हा अर्ज करून नंबर लागेपर्यंत मुलीचं वर्ष बुडालं असतं, म्हणून तिला डोंबिवलीतच नववीत घातलं. ती दोन महिने कुणाशी धड बोलली नाही. वर्षभराने नवराही नोकरी सोडून आला. ती स्वस्तातली गादी त्याने तिथे रस्त्यावर ठेवून दिली.

एवढ्यावर राहिलं असतं, तर मी कदाचित विसरलेही असते. पण भाऊजींनी त्याचा विनोद केला. प्रत्येक बारशाला, मुंजीला, सत्यनारायणाला चार माणसं जमली की सुरू: "आमची धाकटी म्हणजे यादीशिवाय भाजी आणत नाही. पण स्वतःच्या लग्नाचं सर्टिफिकेट? तेच नव्हतं!" लोक हसायचे. कुणी विचारलंच, तर म्हणायचे, "मी इथून किती धावपळ केली! पण पालिकेत महिना-महिना लावतात, आपण काय करणार?" एकदा माझ्या मुलीसमोर हे झालं. ती ताट तसंच ठेवून उठली. त्या दिवशी मी ठरवलं, हा हिशेब चुकता करायचा. घाई नव्हती.

आणि आता फोन. मुलाचं लग्न कल्याणच्या हॉलमध्ये झालेलं, दाखला कल्याणच्या पालिकेचा. भाऊजींच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. मुलगा-सून दोघं तिकडे.

मी म्हटलं, "भाऊजी, पितृपक्ष लागलाय. दसरा झाला की बघू."

पलीकडून नुसतं "अं?" आलं. ते मी चवीने ऐकलं. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला भाषेची परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता.

"अगं, पण तारीख..." ते म्हणाले.

"तारीख तर असतेच भाऊजी," म्हणून मी फोन ठेवला.

दुपारी सुनेचाच फोन आला. नणंदा-भावजयांत कधी फारशी न मिसळलेली, अबोल मुलगी.

"काकू, बाबा म्हणाले, तुम्ही दसऱ्यानंतर बघणार. पण माझं कार्ड दसऱ्याच्या आधीच संपतंय हो. ह्याचं नाही, फक्त माझं. मला चार वर्षं आठ महिने झालेत. आत्ता खंड पडला तर..."

"माहीत आहे," मी म्हटलं.

तिला माझी गोष्ट माहीत नव्हती. तिला ती विनोदाच्या रूपातच ऐकवलेली होती. मी वही पुढे घेऊन बसले होते आणि डाव्या पानावर माझा आकडा होता, चार वर्षं सात महिने. मी कागद अडवला, तर भाऊजींना आठवडाभर झोप लागणार नाही, मग ते विसरतील आणि त्याचा नवा विनोद करतील. फुकट जाईल ती ही पोरगी. शिवाय "काकूंनीच उशीर केला" हे त्यांच्या तोंडी आयतंच पडेल. आणि मग मला दिसलं की खरा सूड उशिरात नाहीच. तो वेळेत आहे.

"मला अधिकारपत्र पाठव, सही करून," मी तिला म्हटलं. "दोघांच्या पासपोर्टच्या प्रती. आजच. आणि घरी कुणाला काही बोलू नकोस."

"बाबांना पण नको?"

"बाबांना तर मुळीच नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी कल्याणला पालिकेच्या खिडकीवर होते. माझ्यापुढे दोनच माणसं. पितृपक्षात लग्नाच्या दाखल्याला गर्दी कुठली? खिडकीतल्या बाई चहा पीत म्हणाल्या, "या पंधरवड्यात कुणी फिरकत नाही बघा. मग दसऱ्यानंतर इथे उभं राहायला जागा नसते." मला त्यांचा हात हातात घ्यावासा वाटला. तिसऱ्या दिवशी नवी प्रत मिळाली. मग मंत्रालयात साक्षांकन, मग अपोस्टिलसाठी नेमून दिलेली एजन्सी, मग कुरियर. सगळे मिळून अकरा दिवस, त्यात दोन रविवार. सर्वपित्रीच्या दिवशी सकाळी मी पाकीट कुरियरवाल्याच्या हातात दिलं आणि घरी येऊन सासऱ्यांच्या नावाने पान वाढलं. कावळ्याने वेळ लावला नाही.

मधल्या दिवसांत भाऊजींचे पाच फोन आले. मी प्रत्येक वेळी म्हटलं, "बघते." तेवढं मी स्वतःसाठी ठेवलं.

दसऱ्याला आम्ही नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे जेवायला. श्रीखंड-पुरी, सगळं घर जमलेलं. भाऊजी उतरल्या चेहऱ्याने पाय स्टुलावर ठेवून बसलेले. पानं वाढून होताहेत तोच सुनेचा व्हिडिओ कॉल आला. जाऊबाईंनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"आई, झालं! मुदत वाढली! काकू आहेत का तिथे? काकू, अकरा दिवसांत कसं केलंत हो? बाबा तर सांगायचे, पालिकेतच महिना जातो म्हणून!"

वाढणाऱ्या पुतणीच्या हातातली पुरी तशीच राहिली. जाऊबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"पितृपक्षात गेलेलीस तू पालिकेत?" भाऊजींनी मला विचारलं.

"हो. उघडी असते. बंद दसऱ्याला असते."

जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे तेव्हाही झालं असतं." मग माझ्याकडे वळल्या. "तो कागद महिनाभर ह्यांच्या पिशवीत होता गं. त्याच पिशवीतून खडवलीला नदीवर पिंडदानाला जाऊन आला. मी विचारलं, तर म्हणाले, तुला काय कळतं त्यातलं."

हे मलाही नवीन होतं. अकरा वर्षं जाऊबाईंनीही काहीतरी जपून ठेवलं होतं तर.

"जाऊ दे आता, सणाच्या दिवशी कशाला," भाऊजी म्हणाले.

माझी मुलगी माझ्या शेजारी बसली होती. "काका, तो सर्टिफिकेटवाला जोक सांगा ना," ती म्हणाली. अगदी गोड आवाजात. मी तिला गप्प केलं नाही. श्रीखंड दोनदा घेतलं.

मला त्यांची दया आली का, असं नवऱ्याने घरी येताना विचारलं. नाही आली. सुनेची मोजणी चालू राहिली. माझी मोजणी चार वर्षं सात महिन्यांवर थांबली, ती तिथेच आहे.

यंदा सुनेचा कायमचा परवाना झाला. मुलाचं काम अजून बाकी आहे, त्याला आणखी एक दाखला लागतोय. पितृपक्षाच्या पहिल्याच दिवशी, सकाळी नऊला भाऊजींचा फोन आला. आता ते काठी घेऊन चालतात.

"अगं, आजच जाऊ का पालिकेत?"

"जा ना," मी म्हटलं. "रांग नसते."

"तू येतेस बरोबर?"

मी त्यांना यादी पाठवली. सात ओळींची, खिडकीच्या नंबरासकट. त्यातली शेवटची ओळ मी ठळक केली होती: दसऱ्याला सुट्टी.