देवाला वाहिलेल्या ब्लूबेरी

शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात गेले, तर माझ्या ब्लूबेरीच्या एका झुडपावर एकही फूल नाही... आदल्या दिवशी दोन्ही कुंड्या पांढऱ्या घंटांसारख्या फुलांनी लगडल्या होत्या.

हे माझं आयुष्यातलं पहिलं बागकाम. आमच्या गुंगालिन उपनगरातल्या थंडीत ब्लूबेरी छान येते असं ऐकून हिवाळ्यात दोन रोपं आणली, कॅमेलियाला लागते ती आंबट माती शोधून आणली. ऑफिसात सगळ्यांना नाताळात, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, ब्लूबेरी खिलवायचं कबूलही करून बसले... बाजारात तुरी म्हणतात ना, तसलंच.

आधी पोपटांवर संशय घेतला. मग घरात आले आणि पॅन्ट्रीतल्या फळीवर मांडलेल्या देवांकडे लक्ष गेलं. पुण्याहून आलेला आमचा बाळकृष्ण गळ्यापर्यंत ब्लूबेरीच्या फुलांत बसला होता.

आई दोन महिन्यांपूर्वी आली आहे. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. इथे पूजेला फुलं मिळेनात म्हणून बिचारी अक्षतांवर भागवत होती, आणि गुडघ्याएवढ्या झुडपाला फळं धरतात हे तिच्या गावीही नव्हतं.

माझा चेहराच बोलला असणार. तिने विचारलं, तेव्हा ती फळांची फुलं होती हे मला सांगावंच लागलं. "इथे मी हात लावीन ते चुकतंच... माझं तिकीट आधीचं मिळतंय का बघ. आणि आता परत काही माझं येणं व्हायचं नाही," म्हणाली. मला फार वाईट वाटलं. ब्लूबेरी गेल्या खड्ड्यात, पण आई अशी जायला नको होती.

रविवारी आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, शेजारची मार्गरेट कुंपणापाशी आली. रिटायर झालेली, दिवसभर कुत्र्याला घेऊन बागेत असते. तिला मी सगळा किस्सा सांगितला, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "नो वरीज, पहिल्या वर्षी फुलं काढूनच टाकायची असतात. नाहीतर रोप सगळी ताकद फळांत घालवतं आणि मुळं धरत नाही." मला मेलीला हे कुणी सांगितलंच नव्हतं...

मी धावत जाऊन आईला बाहेर आणलं, मार्गरेटला पुन्हा सगळं सांगायला लावलं आणि भाषांतर करून सांगितलं. तिचा विश्वास बसेना. "माझं मन राखायला काहीतरी सांगतेयस. ती एवढं लांबलचक बोलली, त्यात हे कुठे होतं?"

मार्गरेटला शब्द कळले नाहीत, पण आईचा चेहरा कळला. ती सरळ आमच्या फाटकातून आत आली, दुसऱ्या झुडपापाशी बसली आणि एकेक फूल खुडून आईच्या ओंजळीत टाकायला लागली. आई माझ्याकडे बघतेय, मी आईकडे...

आता, कुत्र्याला कुरवाळलेल्या हातांनी तोडलेली फुलं माझी आई एरवी देवाजवळ जन्मात नेणार नाही. त्या दिवशी मुकाट्याने घेऊन आत गेली. थोडं पाणी शिंपडलं, एवढंच.

काल पूजा करता करता तिने मला विचारलं, "ही फळं कधी धरतात म्हणालीस?"

"डिसेंबर-जानेवारीत. पण पुढच्या वर्षी."

"मग पुढच्या वर्षी तिकडची दिवाळी झाली की येते. मी आल्याशिवाय तोडू नका. पहिली देवाला, मग तुझ्या ऑफिसला."

मी बरं म्हणून भांडी लावायला लागले, कारण डोळे भरून आले होते. बाबा गेल्यापासून आई 'पुढच्या वर्षी' असं काही बोललीच नव्हती... मार्गरेट, तुला मराठी वाचता येत नाही, तरी थँक यू.