भट्टीशाळेचे भाऊजी

वीटभट्टीवरच्या लेकरांना शिक्षा करणार, असं मी एकदा भरल्या सभागृहात जाहीर केलं आहे. तेही वीतभर लाल अक्षरांत. माझं शिक्षण जबलपूरला, हिंदीतून. हिंदीत ‘शिक्षा’ शाळेत मिळते आणि मराठीत छडीने, एवढं भान तेव्हाच्या माझ्यातल्या त्या शहाण्या बाईला कुठलं! गांधीबागेच्या कापडबाजारातून कापड आणून तिने ऐटीत फलक रंगवून घेतला : ‘मजूर बालक शिक्षा प्रकल्प’.

त्या सभेचा खरा घोर होता तो भाऊजींना. नात्याने ते आमचे कुणी नव्हते. कुहीकडचे निवृत्त गुरुजी, भट्टीवरची आमच्या संस्थेची शाळा तेच चालवायचे. काळजी हा त्यांचा पूर्णवेळ धंदा. “लाइट गेली तं?” म्हणून भर दुपारी खिशात टॉर्च. “पाणी आलं तं?” म्हणून मे महिन्यात स्कूटरवर ताडपत्री. मी चिडवायची, “भाऊजी, आणि काहीच नाही झालं तर?” ते गंभीरपणे म्हणायचे, “त्याचंच तं भेव वाटते बाई.”

एक काळजी मात्र हसण्यासारखी नव्हती. दिवाळीनंतर छत्तीसगडहून कुटुंबं भट्टीवर यायची, पावसाआधी परतायची. त्या वर्षीच्या हंगामात भट्टीच्या मालकाने आमच्या वर्गाची शेड विटा ठेवायला परत घेतली. आजूबाजूच्या शाळा म्हणत, दाखला आणा. दाखले राहिलेले गावी. भाऊजींची स्कूटर दिसली की पोरं पाट्या घेऊन धावत यायची, आणि बसवायला जागा नाही. भाऊजींचा चहा सुटला. शेवटी त्या भागातले सरपंच, मुख्याध्यापक यांना आम्ही नंदनवन भागातल्या एका सभागृहात बोलावलं. दाखल्याविना लेकरांना शाळेत घ्यायला त्यांनी नाही म्हटलं, तर ती पावसापर्यंत उन्हात वाळत्या विटाच पलटवणार होती.

भाऊजींनी माइक, वायर, खुर्च्यांचे पायसुद्धा तपासले. फलक तेवढा मी उघडू दिला नाही. म्हटलं, “माझ्यावर भरवसा नाही का?”

फलक उलगडला. पुढच्या रांगेतले एक सरपंच ओरडले, “काहून जी म्याडम, लेकरायनं काय चोरी केली?”

सभागृह खदखदून हसलं. पडद्यावर दाखवायला आणलेल्या भट्टीच्या फोटोंतला पहिलाच अडकला, मग माझी जीभ अडकली. मागचे लोक उठू लागले.

तेवढ्यात भाऊजी माइकपाशी आले. सभेत बोलायच्या नुसत्या विचाराने घाम फुटणारा माणूस! माइक दोन्ही हातांनी धरला.

“बोर्ड बरोबर हाय,” ते म्हणाले. “सकाळपासून विटा पलटवून राहिले लेकरं. शिक्षा चालूच हाय त्यायची. थांबवता काय, एवढंच विचाराले आलो.”

 एक मुख्याध्यापिका उठल्या. “दाखल्यांचं मी बघते. सोमवारी पाठवा.” बाकीचे खाली बघत चहाकडे वळले.

गेल्या उन्हाळ्यात भाऊजी गेले. तेरवीला मी ही फजिती सांगून लोकांना हसवलं. माझ्या सुनेने डोळे वटारले. पुढचं मात्र सांगायला जमलं नाही. सभेनंतर मी फाटकाशी रडत उभी होते, अपमानाने की आनंदाने, कोण जाणे. भाऊजी स्कूटरला किक मारता मारता थांबले.

“रडता काय बाई, एक शाळा भेटली ना! सोमवारी सकाळी मायबाप भट्टीवर राहतीन, तं पोरीयच्या वेण्या कोण घालून देईन, ते सांगा.”