न बसायची गाडी

शनिवारी सौंसरहून जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघालो की एक म्हातारा रस्त्यात दिसतोच. नाव मी कधी विचारलं नाही. सायकलला त्यानं फवारणीच्या पंपाचं इंजिन बसवलंय. साधी चाकं त्या हादऱ्यांनी टिकेनात, म्हणून जाड स्पोक भरून नवी चाकं त्यानं घरीच बांधली. फिरताना ती केसभरही डुलत नाहीत. इंजिन फटफटत असतं आणि हा हँडल धरून शेजारून पायी चालतो, लंगडत.

एकदा स्कूटर थांबवून मी विचारलं, "काका, बसत काऊन नाही?"

"बसलो का चाक आउट होते ना, भाऊ, डुलाले लागते." त्यानं दुपट्ट्यानं रिंगवरची धूळ पुसली.

"मंग बनवली कशाले?"

"गुडघे दुखून राहिले. पायी चालनं होत नाही."

हसावं की याला मागे बसवून न्यावं, मला कळेना. म्हटलं, "मंग हे घरी ठेवा अन् बसनं येत जा."

मी काही वंगाळ बोललो असल्यासारखा तो बघत राहिला.

"घरी गाडी असून माणसानं बसनं यावं? लोकं काय म्हणतीन?"

पुढं चढ होता. इंजिनाला त्रास नको म्हणून त्यानं ते बंद केलं आणि गाडी ढकलू लागला.