रेबेकाबाईंनी अडवलेली बैलगाडी

माझ्या वडिलांना जग बुडायला हवं होतं.

अगदी मनापासून. रेबेकाबाई आडव्या आल्या, म्हणून मी आज ही पोस्ट लिहू शकतेय.

बाई आज सकाळी गेल्या. नव्वदीला टेकल्या होत्या, तरी परवापर्यंत माझ्या मेसेजमधलं शुद्धलेखन तपासत होत्या.

आमचं गाव कोयनेच्या धरणात गेलं. आणि आम्हाला नेऊन टाकलं कुठं, तर कवठे महांकाळच्या कोरड्या माळावर. पाण्यानं उठवलेली माणसं बिनपाण्याच्या मुलखात. वा रे न्याय!

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथं घराचा पाया घातलाच नाही. "आपून परत जायचं हाय." वर्षानुवर्षं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये.

मग सदुसष्टचा भूकंप झाला. सगळ्यांना टेन्शन, आबा खूश.

"आता धरण फुटतंय बग. जग बुडंल, आन् आपलं रान वर येईल!"

त्यांनी थेट गाडीच जुंपली. धरणाच्या काठावर बसून वाट बघायची. माझी शाळा बंद. आई रडायला लागली, मी गाडीत चढेना.

तेवढ्यात माझ्या वर्गाच्या बाई आल्या. रेबेकाबाई बेने इस्रायली, आपल्या कोकणातल्या ज्यू. हातात ताट. गोड पोहे, खोबरं, फळं. संकट टळलं की त्यांच्यात एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं असा मलिदा करतात. वर्गातल्या पोरी भूकंपातून सुखरूप राहिल्या म्हणून केलेला.

"बाई, तुमच्या पोथीत बी जगाचा शेवट लिवलाय म्हनं?" आबांनी विचारलं.

"लिहिलाय ना. पण तो सुचला कसा, ते ऐका दादा. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या राजानं आमच्या लोकांचं देऊळ पाडलं, त्यांना परमुलखात नेलं. आधी ते एवढंच मागत होते, घरी जाऊ दे. सत्तर वर्षांनी जाल, असं संदेष्टा म्हणाला. गेलेही. पण बघतात तर राज्य परक्याचंच! एक राजा गेला की दुसरा. मग दानिएल नावाच्या जुन्या ज्ञानी माणसाच्या नावानं स्वप्नं लिहिली गेली. राज्यं म्हणजे समुद्रातून निघालेली श्वापदं, देव त्यांचा निवाडा करतो, मेलेले उठतात. सत्तर वर्षांची ती मुदत सातपट लांबली. नुसत्या घराची आस वाढत वाढत सगळ्या जगाच्या न्यायापर्यंत गेली."

"म्हंजी आमच्यावानीच की वो!"

"तुमच्यासारखंच. पण त्या शेवटात जुलमी बुडतात. तुमचं धरण फुटलं तर कोण बुडेल? कराड, सांगली. तिथली लेकरं."

आबांनी बैलाच्या मानेवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "आन् तुमचा त्यो शेवट? आला का?"

"नाही अजून. आधी एलियाहू येऊन सांगणार आहे. तोवर आमच्या लोकांनी परमुलखात घरं बांधली, पोरी शिकवल्या. म्हणून तर मी तुमच्या दारात उभी आहे."

आबांनी ताटातला मूठभर मलिदा घेतला, खाल्ला. आणि बैल सोडले.

"येईल तवा येईल," आईला म्हणाले. "तवर पोरगी शिकंल."

मी शिकले, बाई. आमच्या घरातली पहिली.

लय उपकार झाले तुमचे. तुमच्या विद्यार्थिनीचा हा शेवटचा नमस्कार.