मिलिंददादा आणि चढावर मिसिंग मारणारी पिकअप

मी ज्यांना चोर म्हटलं होतं, ते मिलिंददादा काल दुपारी गेले.

इथे वाचणाऱ्या कुणालाच हे माहीत नाही, म्हणून लिहितोय.

हिंजवडीत एकामागून एक आयटी कंपन्यांच्या बिल्डिंगा उभ्या राहत होत्या, तेव्हाची गोष्ट. इंजिनिअरिंग संपवून मी कर्वेनगरला छोटंसं गोडाऊन घेतलं होतं. त्या ऑफिसांना यूपीएस आणि बॅटऱ्या पुरवायचो. मालासाठी एक सेकंडहँड डिझेल पिकअप घेतली आणि ती चालवायला मिलिंददादांना ठेवलं.

मी सव्वीसचा, ते अडतीसचे. मी त्यांना अरे-तुरे करायचो, ते मला साहेब म्हणायचे.
तेव्हा त्यात काही चुकतंय असं मला वाटलंही नाही.

चार महिन्यांत गाडी मिसिंग मारायला लागली. इंजिन मध्येच अडखळायचं, झटके खायचं, दम सोडायचं. तेही फक्त वारज्याहून चांदणी चौकाकडे चढताना. गॅरेजमध्ये नेली की शहाण्या मुलीसारखी चालायची.

गॅरेजवाल्याने फिल्टर बदलला, नोझल तपासले. काहीच सापडेना. शेवटी तो म्हणाला, "डिझेलमध्ये भेसळ असेल."

तेवढं मला पुरलं.

गोडाऊनवर दोन हमाल माल उतरवत होते. त्यांच्यासमोर मी ओरडलो, "डिझेल काढून विकतोस आणि वर रॉकेल ओततोस! चोर आहेस तू."

हे माझ्या तोंडी इतक्या पटकन कसं आलं? ड्रायव्हर माझ्या नात्यागोत्यातला असता, तर आलं असतं का?
हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. उत्तर मला आधीपासून माहीत होतं.

मिलिंददादा चिडले नाहीत. फडक्याला हात पुसत म्हणाले, "उद्या सकाळी तुम्ही माझ्याबरोबर गाडीत यायचं."

"मी कशाला?"

"मी सांगितलेलं तुम्हाला पटणार नाही. डोळ्यांनी बघा."

दुसऱ्या दिवशी ते गवंड्यांकडे असते तसली पारदर्शक नळी घेऊन आले. इंजिनाकडे जाणाऱ्या डिझेलच्या पाईपमध्ये मध्येच तिचा तुकडा बसवला. त्या गाडीचं इंजिन सीटखाली. बाजूचं सीट उचलून त्यांनी मला तिथे उकिडवं बसवलं.

"नळीवरची नजर काढू नका. दिसेल ते बोला."

आधी रिकामी गाडी चढावर नेली. नळीत पिवळसर डिझेल, संथ. काही नाही.

परत आलो, बॅटऱ्या भरल्या, पुन्हा तोच चढ.

"बुडबुडे!" मी म्हणालो. "बुडबुडे येतायत." आणि इंजिनाने झटका खाल्ला.

"किती?"

"खूप. लागोपाठ."

"हवा आहे ती. रॉकेलला बुडबुडे नसतात, साहेब."

गाडी बाजूला घेतली. ते खाली शिरले, मलाही शिरायला लावलं. टाकीजवळचा रबरी पाईप आधीच्या मालकाने आखूड बसवला होता. ओझं पडलं की बॉडी दबायची, पाईप ताणला जायचा आणि त्याच्यावरची नखाएवढी चीर उघडायची. तिथून हवा आत. गाडी रिकामी झाली की चीर बंद.

आणि आम्ही गॅरेजमध्ये कायम रिकामी गाडी नेत होतो.

नवीन पाईप, दोन क्लिपा. भरलेली गाडी एकही झटका न खाता चढली.

त्या दिवसाचा सगळा माल त्यांनी पोचवला. संध्याकाळी येऊन किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघा."

"अरे, सापडलं ना आता!"

"गाडीचं सापडलं," ते म्हणाले आणि गेले.

मी थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मलाच राग आला होता.

माफी मागायला मला अकरा वर्षं लागली. मधे काही मोठं घडलं नाही. नुसती लाज साचत गेली.

पत्ता शोधत बिबवेवाडीला गेलो. ते तेव्हा एका कॉलेजची बस चालवत होते. मी पहिल्यांदाच त्यांना 'तुम्ही' म्हणालो.

"मिलिंददादा, तुम्हाला मी जे बोललो ते फार चुकलं. मला माफ करा."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"त्या दोन हमालांतला एक आमच्याच वस्तीतला होता," ते म्हणाले. "दोन वर्षं मला कुणी गाडी हातात दिली नाही."

हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावंसं वाटलंही नव्हतं.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही, साहेब. पण आलात, हे बरं केलंत. चहा घ्या, निवतोय."

त्यानंतर वर्षातून एक-दोनदा जायचो. बस, ट्रॅफिक, त्यांच्या मुलीचं, प्रज्ञाचं शिक्षण, मग तिची आयटीतली नोकरी, एवढ्याच गप्पा. त्या विषयावर पुन्हा कधी बोललो नाही. गेल्या वर्षी त्यांचं डायलिसिस सुरू झालं.

काल प्रज्ञाचा फोन आला. बाबांच्या फोनमधल्या सगळ्यांना ती कळवत होती.

गेलो. दारातच तिने विचारलं, "तुम्ही बाबांचे कोण?"

जुना ओळखीचा, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मला ते म्हणवेना. चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं. कदाचित तेव्हाही मी स्वतःचाच विचार करत होतो.

"बाबा म्हणाले होते, लांब पडतं म्हणून ती नोकरी सोडली," ती म्हणाली.

आत तिची आई बसली होती, तिकडे एकदा बघितलं तिने.

"आईला हे आत्ता सांगू नका. आणि खांदा देऊ नका." मग म्हणाली, "मागून चाला."

मी मागून चाललो. स्मशानभूमीत सगळे बुद्धवंदना म्हणत होते. मला शब्द येत नव्हते. हात जोडून उभा राहिलो.

मिलिंददादा, तुम्ही फार सरळ माणूस होतात.
तुमच्या वाट्याला मी आलो, याचं वाईट वाटतं.

शेवटचा नमस्कार.