मी लपवलेली पौर्णिमा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही — एका बाईला सोडून, आणि तिच्यावर येतेच. एकदा मी पौर्णिमा लपवली. हो, अख्खी. इतकी मूर्ख सून तंजावरात तेव्हा दुसरी नसेल — वेणीत अबोलीचा गजरा आणि डोक्यात नुसता राग.

राग धाकट्या जावेवर. मालती पुण्याहून आमच्या घरात आली आणि पहिल्याच पंगतीत म्हणाली, "अक्का, तुमचं मराठी म्हणजे सांबारात बुडवलेली पुरणपोळी हो." सगळे हसले. माझा नवराही. त्याला मी बिनमिठाचं रसम वाढून सोडून दिलं. तिला कशी सोडणार?

मग आम्ही कोडिक्करैला गेलो. तिथं जंगल थेट समुद्राला भिडतं. विश्रामगृहात मुक्काम, काळविटं बघत पायपीट — मालती सगळ्यांच्या पुढे. लहानपणापासून पोहणारी ती. लग्नानंतर पाण्यात उतरली नव्हती. पोहायचा निळा पोशाख पिशवीच्या तळाशी घालून आणला होता. निघाल्यापासून दुसरं बोलणं नाही.

आता आमच्या घरची रीत — समुद्राला वाटेल त्या दिवशी शिवायचं नाही. पौर्णिमा-अमावास्या असली तरच स्नान. सासूबाईंना बारीक अक्षर दिसेना, मालतीला तमिळ येईना. मग तमिळ पंचांग वाचणारी कोण? मी.

किनाऱ्यावर सासूबाईंनी विचारलं, "पुनव लागली का गं?"

दुपारीच लागली होती. "उद्या लागते," मी म्हणाले. उद्या पहाटे आमची परतीची बस होती — तेही मला ठाऊक होतं.

"मग कुणी पाण्याला शिवू नका."

मालती वाळूत बसून राहिली. मी शेजारी बसून मुरुक्कू खाल्ले — तसे कुरकुरीत पुन्हा कधी लागले नाहीत, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी समोर पाण्यातून परातीएवढा चंद्र वर आला. "थोडा कापलेलाच आहे," मी म्हणाले. कुणी विचारलंही नव्हतं.

ती पुन्हा कधी पोहली नाही. पोशाख पेटीतच विरला.

यंदा नातवंडं आम्हां दोघींना तिथंच घेऊन गेली. पोरं लाटांत, आम्ही खुर्च्यांवर. तिथं मी तिला सांगून टाकलं. पश्चात्ताप? छे. ती माझ्याआधी गेली तर मी सूड घेतला होता हे तिला कळणारच नाही — एवढंच मनात होतं.

मालती समुद्राकडेच बघत होती. म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं, अक्का. पण पाण्यात उतरले असते तर तुमच्यावरचा राग निघून गेला असता. तो मला ठेवायचा होता."